कुंदगोळचे रामभाऊ

हुबळीच्या वेशीवर आज तारिहाळची औद्योगिक वसाहत उभी आहे. रेल्वेचा कारखाना आणि कापसाचा व्यापार यांनी हे शहर वाढविले, हे खरेच. परंतु हुबळी-धारवाडचे नाव निघताच जुन्या मराठी घरांतून प्रथम आठवण होते ती गाण्याची. गावाला अशी ओळख आपोआप लाभत नसते. तिच्यापायी कोणाचे तरी आयुष्य वेचलेले असते. रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांचे आयुष्य असेच वेचले गेले.

रामभाऊंचा जन्म १८८६ साली हुबळीनजीकच्या कुंदगोळ येथे झाला. गाव जमखंडीकर पटवर्धनांच्या संस्थानातले, घरची भाषा कानडी. शाळेत त्यांचे मन रमेना, म्हणून वडिलांनी त्यांना बळवंतराव कोल्हटकर यांच्याकडे गाणे शिकावयास घातले. १८९८ साली कोल्हटकर निवर्तले. पुढे किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. वयात येताना आवाज फुटून जड झाला होता. तो त्यांनी अखंड मेहनतीने वळवून घेतला.

त्यानंतर उस्तादांची इच्छा नसतानाही ते मराठी रंगभूमीवर गेले. कानडी घरातल्या या तरुणाने स्त्रीभूमिका केल्या आणि सुभद्रेच्या पदांनी महाराष्ट्राला वेड लावले. अमरावतीस दादासाहेब खापर्डे यांनी त्यांना सवाई गंधर्व ही पदवी दिली, आणि तीच त्यांचे नाव होऊन बसली.

तथापि, त्यांचे खरे कार्य नाटक सोडून ते कुंदगोळास परतल्यावर झाले. गंगूबाई हनगल हुबळीहून आगगाडीने शिकावयास येत. भीमसेन जोशी गुरुगृही राहून, पाणी भरून शिकले. बसवराज राजगुरू व फिरोज दस्तूर हेही त्यांचेच शिष्य. शिकविणे संथ आणि कडक असे. एकेक पलटा मनासारखा उतरेपर्यंत पुढे जाणे नाही. पुढे अर्धांगवायूने त्यांचे स्वतःचे गाणे थांबविले, परंतु विद्या तोवर पुढच्या पिढीच्या गळ्यात उतरली होती.

१२ सप्टेंबर १९५२ रोजी रामभाऊ गेले. दुसऱ्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचा संगीतोत्सव सुरू झाला. कुंदगोळातही नाडिगेरांच्या वाड्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणे होत आले.

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि धारवाड जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. भाषेचे वाद आपल्या बाजूस आजही मिटलेले नाहीत. अशा वेळी रामभाऊ कोणाचे, असा प्रश्न कोणी विचारील. घर कानडी, गुरू उत्तरेकडचे मुसलमान, कीर्ती मराठी नाटकांतली, आणि शिष्यांत एक पारशी. यांतले एक जरी वजा केले तरी रामभाऊ उरत नाहीत, आणि हुबळी-धारवाडची ती ओळखही उरत नाही.