जगदीशचंद्र बोस आणि दमलेला रिसीव्हर

वायफाय गेलं की आपण काय करतो? ते बंद करून परत चालू करतो. नाही जमलं तर लॅपटॉप रिस्टार्ट करतो. सुरू झालं की विषय संपला. दहा मिनिटांनी पुन्हा तेच रडगाणं. थोडा वेळ बंद ठेवलं की ते बरं का होतं, हा प्रश्न मात्र सहसा कुणाला पडत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यात एका प्रोफेसरांना असाच प्रश्न पडला होता. त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हता, पण स्वतः बनवलेला बिनतारी लहरींचा रिसीव्हर होता आणि तो धड चालत नव्हता. सर जगदीशचंद्र बोस म्हटलं की आपल्याला झाडांना जीव असतो एवढंच आठवतं. माझ्या शाळेच्या पुस्तकात तर तेही एका चौकटीत होतं, परीक्षेला नसलेलं. म्हणून हा लेख.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ चा, आज बांगलादेशात असलेल्या मैमनसिंगचा. वडील भगवानचंद्र सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्यांच्या हुद्द्याची माणसं मुलांना इंग्रजी शाळेत घालत. यांनी मुलाला बंगाली पाठशाळेत घातलं, जिथे चपराशाचा मुलगा आणि कोळ्याचा मुलगा त्याच्या शेजारी बसायचे. इंग्रजी त्याला नंतर कलकत्त्याच्या सेंट झेवियर्समध्ये भेटलं. माझं बरोबर उलटं झालं. केजीपासून कॉन्व्हेंट, आणि मराठी लिहायला मी आता या पानांवर शिकते आहे. त्यामुळे भगवानचंद्रांचा हा निर्णय वाचताना मी जरा थांबले होते.

सेंट झेवियर्समध्ये फादर लाफों नावाचे जेझुइट शिक्षक होते. प्रयोग करून दाखवल्याशिवाय फिजिक्स शिकवायचं नाही, अशी त्यांची पद्धत. बोस यांना फिजिक्सची गोडी तिथे लागली. तरी १८८० मध्ये ते लंडनला गेले ते डॉक्टर व्हायला. सततच्या तापामुळे ते शिक्षण सोडावं लागलं. मग केंब्रिज. तिथे लॉर्ड रॅले शिकवायला होते. १८८५ मध्ये परत येऊन ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात लागले.

इथे पगाराचं ते प्रसिद्ध प्रकरण झालं. त्याच कामासाठी भारतीय प्रोफेसरला गोऱ्याच्या दोन तृतीयांश पगार, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याच्याही निम्मा. म्हणजे हातात एक तृतीयांश. बोस यांनी शिकवायचं सोडलं नाही, पण पगार घ्यायचा सोडला. एक-दोन महिने नाही, तीन वर्षं! घरी वडिलांच्या डोक्यावर कर्ज होतं आणि १८८७ मध्ये लग्नही झालं होतं. शेवटी सरकारने मागच्या तारखेपासून पूर्ण पगार दिला आणि तो कर्जफेडीत गेला.

बिनतारी लहरी पहिल्यांदा तयार करून दाखवल्या त्या हेन्रिक हर्ट्झ यांनी. १ जानेवारी १८९४ ला ते वारले, वय फक्त ३६. त्याच वर्षी बोस यांना ३६ पूर्ण झाली आणि त्यांनी संशोधनात उतरायचं ठरवलं. कॉलेजात लॅब नव्हती. एक छोटी खोली, एक पत्र्याचं काम करणारा कारागीर आणि खिशातले पैसे. हर्ट्झ यांच्या लहरी लांब, त्यामुळे उपकरणंही मोठी. बोस यांनी ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी तयार केल्या, म्हणजे आजच्या भाषेत ६० गिगाहर्ट्झ. आपल्या वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर असते, त्यावरून अंदाज करा. लहर लहान झाली आणि सगळी लॅब एका टेबलावर मावली. १८९५ मध्ये त्यांनी कलकत्त्यात लोकांसमोर भिंतींपलीकडची घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. मधे तार नाही.

त्यांचं सामानही बघण्यासारखं होतं. लहरींचं पोलरायझेशन तपासायला त्यांनी ब्रॅडशॉचं रेल्वे टाइमटेबल घेतलं आणि त्याच्या पानापानांत वर्ख घातला. १८९८ मध्ये तागाच्या पिळलेल्या जुड्या वापरल्या. उजव्या पिळाची जुडी लहरीची पातळी एका बाजूला फिरवते आणि डाव्या पिळाची उलट बाजूला. हे मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत, जिथे माझं इनप्लांट ट्रेनिंग चालू होतं, त्या टॉवेलच्या कारखान्यातल्या जॉबर मामांना सांगितलं. लहरीत त्यांना काही रस नव्हता, पण ताग कुठला आणि पीळ किती हे त्यांनी लगेच विचारलं. सोलापूरच्या माणसाला सुताचा पीळ समजावून सांगावा लागत नाही.

त्या कारखान्यातच मला हा लेख सुचला. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून तिथल्या ऑफिसचा लॅपटॉप विंडोज ११ वर नेलेला होता. तेव्हापासून त्याचं वायफाय मधेच जायचं. लूमवर किती माल निघाला ते त्याच लॅपटॉपवर भरायचं असल्यामुळे वायफाय गेलं की शिफ्टचा हिशोब वहीवर, आणि रात्री एक जण थांबून तो परत टाइप करणार. त्या थांबण्याचे पैसे कुणी देत नव्हतं. सगळ्यांचा संशय शेडच्या पत्र्यावर होता. संशय चुकीचा म्हणता येत नाही, पत्रा लहरी अडवतोच. पण त्याच टेबलावर मोबाइलला वायफाय व्यवस्थित मिळत होतं, म्हणजे दोष पत्र्याचाही नाही आणि राउटरचाही नाही. विंडोजमध्ये एक कमांड दिली की मागच्या तीन दिवसांचा वायफाय रिपोर्ट निघतो, कनेक्शन कधी तुटलं ते वेळेसकट. आम्ही तो काढला. काम चालू असताना क्वचित, आणि लॅपटॉप काही वेळ नुसता पडून राहिला की हमखास, असं दिसलं. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला. अपग्रेडच्या वेळी लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर जाऊन विंडोजचा सर्वसाधारण ड्रायव्हर बसला होता आणि वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड बंद करायची परवानगी चालू होती. कार्ड झोपत होतं आणि नव्या ड्रायव्हरला त्याला उठवता येत नव्हतं. कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर टाकला, ती टिक काढली, आणि दुसऱ्या दिवशी परत रिपोर्ट काढून बघितला. तुटण्याच्या लाल खुणा गेल्या होत्या.

आता बोस यांच्या रिसीव्हरकडे येऊ. त्या काळचा रिसीव्हर म्हणजे कोहेरर. काचेच्या नळीत धातूचा कीस. लहर आली की कण एकमेकांना चिकटतात, रोध कमी होतो, करंट वाहतो. नंतर नळीला टिचकी मारायची म्हणजे कण सुटे होतात आणि पुढच्या लहरीसाठी नळी तयार. टिचकी म्हणजे तेव्हाचं रिस्टार्टच! पण हा कीस कधी कसा वागेल याचा भरवसा नाही, आणि कलकत्त्याच्या दमट हवेत तर नाहीच. बोस यांनी कीस काढून टाकला आणि पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा शेजारी शेजारी बसवल्या. त्यांच्यावरचा दाब स्क्रूने कमीजास्त करता येत असे आणि करंटही. म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते लिहून ठेवायचं. लोखंडच का, म्हणून मग एकामागून एक धातू तपासले. बहुतेक धातूंचा रोध लहर आली की कमी व्हायचा. पोटॅशियमचा उलटा वाढायचा, आणि लहर थांबली की टिचकीशिवाय आपोआप पूर्ववत व्हायचा. १८९९ मध्ये आपोआप सावरणाऱ्या कोहेररवर त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला.

यातच त्यांना ती विचित्र गोष्ट दिसली. रिसीव्हर बराच वेळ सतत वापरला की त्याचा प्रतिसाद मंदावतो. थोडा वेळ विश्रांती दिली की परत ताजातवाना होतो. बाकी कुणी याला बिघाड म्हणून सोडून दिलं असतं. बोस यांनी त्याचे आलेख काढले, आणि ते आलेख त्यांना दमलेल्या स्नायूच्या आलेखासारखे दिसले. १९०० मध्ये पॅरिसच्या फिजिक्स काँग्रेसमध्ये त्यांनी हे मांडलं.

पुढचं सोपं नव्हतं. १९०१ मध्ये रॉयल सोसायटीपुढे शरीरशास्त्राच्या नामांकित प्रोफेसरांनी त्यांना विरोध केला आणि त्यांचा निबंध छापायचा थांबला. फिजिक्सच्या माणसाने आमच्या अंगणात येऊ नये, असा एकंदर सूर. त्यांनी माघार घेतली नाही, १९०२ मध्ये सरळ पुस्तक काढलं. पण या सगळ्यात वायरलेस मागे पडलं. त्याच १९०१ मध्ये एका तारयंत्र कंपनीचा मालक पेटंटसाठी त्यांच्या मागे लागला होता. त्यांनी नकार दिला. पुढे सारा बुल यांच्या आग्रहामुळे गॅलिना क्रिस्टलच्या डिटेक्टरचं अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये त्यांच्या नावावर झालं, पण तेही त्यांनी चालवलं नाही. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला संदेश पकडल्याचं जाहीर केलं आणि धंदा तिकडे गेला. १९२७ मध्ये भारत-इंग्लंड बिनतारी सेवा सुरू झाली ती मार्कोनींच्याच पद्धतीवर. तिचं रिसीव्हिंग स्टेशन होतं आपल्या दौंडला! पुण्याची गाडी दौंडला थांबते तेव्हा मला हे आठवतं.

पेटंट नाकारण्याचं कौतुक सगळे करतात. मला ते पूर्ण पटत नाही. कारागिराचे पैसे खिशातून देणाऱ्या माणसाला ते पैसे उपयोगी पडले असते, आणि आपल्याकडे वायरलेसचा एखादा कारखाना तेव्हाच उभा राहिला असता असंही वाटतं. पण रिसीव्हर दमतो हे दिसल्यावर त्यांनी तो नुसता दुरुस्त करून विकायला काढला असता, तर ते झाडांपर्यंत पोचले नसते. दोन्ही गोष्टी एका माणसाला जमल्या नसत्या, असं मी तूर्त धरून चालले आहे. यावर हॉस्टेलमध्ये माझे वाद चालू आहेत.

झाडांची वाढ कित्येक पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ नंतरचा. झाडांबद्दलचे त्यांचे काही निष्कर्ष आजही वादाचे आहेत, उपकरणं मात्र अप्रतिम होती. सत्येंद्रनाथ बोस आणि मेघनाद साहा हे त्यांचे विद्यार्थी. १९१७ मध्ये, स्वतःच्या ५९ व्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस इन्स्टिट्यूट उघडली. १९२० मध्ये त्यांचा निबंध अडवणाऱ्या त्याच रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं. २०१२ मध्ये आयईईईने त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना माइलस्टोनचा मान दिला.

२३ नोव्हेंबर १९३७ ला गिरिडीह इथे ते गेले. आणखी एका आठवड्याने ७९ पूर्ण झाली असती. त्यांनी बनवलेली उपकरणं बोस इन्स्टिट्यूटने जपून ठेवली आहेत.