लक्ष्मणराव किर्लोस्कर: चित्रकला सुटली, हत्यारं हाती आली, घरी गाडी खोलणाऱ्यांनी त्यांच्याकडून काय घ्यावं?

मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरच्या घरी गाडीचं ऑइल, प्लग किंवा ब्रेक पॅड बदलणारे आता गावोगावी दिसतात. उमरीसारख्या तालुक्याच्या गावात नेहमीचे पाने सहज मिळतात. मात्र एखादं खास हत्यार लागलं की नांदेड गाठावं लागतं. मग हाताला लागेल त्या पान्यावर काम उरकलं जातं, बोल्टचे कोपरे झिजतात, आटे जातात आणि शंभराचं काम हजारांवर जातं. हत्यार कधी घ्यायचं आणि कोणतं घ्यायचं, हे समजायला एका मराठी उद्योजकाचं आयुष्य उपयोगी पडतं.

कोण होते लक्ष्मणराव?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथं झाला. त्यांना चित्रकार व्हायचं होतं. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण काही रंगांमधला फरक आपल्याला नीट ओळखता येत नाही, हे तिथं लक्षात आलं आणि चित्रकलेचा मार्ग बंद झाला.

त्यांनी मग यंत्रांचे आराखडे काढण्याचं शिक्षण घेतलं. या कामात रंग लागत नाही, माप लागतं. त्याच बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना महिना ४५ रुपयांवर शिक्षकाची नोकरी मिळाली. फावला वेळ ते संस्थेच्या कारखान्यात घालवत आणि यंत्रांवर हात बसवत. कागदावरचं माप आणि हातातला लोखंडाचा तुकडा यांची सांगड त्यांना इथं बसली.

सायकलीपासून सुरुवात

तेव्हा सायकल ही परदेशातून येणारी नवलाची वस्तू होती. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि थोरले बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये होती. चालवायला शिकवण्याचे १५ रुपये वेगळे. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात १८८८ सालची मानतो, ती या दुकानापासून.

इथं मापाचा मुद्दा येतो. त्या काळात ब्रिटिश यंत्रांवर व्हिटवर्थ पद्धतीचे नट-बोल्ट सर्रास असत. आजच्या गाड्यांना मिलिमीटरचे पाने लागतात. दोन्ही पाने दिसायला सारखे, पण एकाचा पाना दुसऱ्या बोल्टवर नीट बसत नाही. ‘जवळपास बसतो’ म्हणून जोर लावला की बोल्ट खराब होतो.

नांगर का विकला जाईना?

मुंबईच्या संस्थेत बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. कडबा कापायचं यंत्र आणि पुढं लोखंडी नांगर त्यांनी बनवला. लोखंडामुळे जमिनीत विष कालवलं जातं, असा समज तेव्हा होता. त्यामुळे पहिला नांगर विकायला सुमारे दोन वर्षं लागली. लाकडी नांगरापेक्षा लोखंडी नांगर माती खोल उलथतो, हे शेतात दिसलं तेव्हा शेतकरी वळले. कामाला बसणारं हत्यार पटायला वेळ लागतो, पण पटलं की माणूस परत जुन्याकडे जात नाही.

बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जागा आणि कर्ज दिलं. १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. तीच आजची किर्लोस्करवाडी. पुढं पंप आणि इंजिनं आली. १९४१ मध्ये हरिहर इथं म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली आणि लेथसारखी यंत्रं, म्हणजे हत्यारं बनवणारी हत्यारं, तिथं तयार होऊ लागली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं.

आज यातून काय घ्यायचं?

लक्ष्मणराव आधी काम शिकले, मग हत्यारं हाती घेतली. घरच्या गाडीसाठी हाच क्रम ठेवा.

• आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचा. कोणता बोल्ट, कोणतं माप आणि किती ताण, ते पाहा.
• घट्ट बोल्टला स्क्रू पाना लावू नका. सहा कोनी गोटी किंवा रिंग पाना वापरा.
• प्लगसाठी प्लगचीच गोटी घ्या. वाकडा जोर लागला तर आतला चिनी मातीचा भाग तडकतो.
• चाकाचे आणि इंजिनचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा. अंदाजाने जास्त आवळलं तर आटे जातात, कमी आवळलं तर चाक ढिलं होतं.
• नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. आधी सपाट, टणक जागेवर स्टँड लावा.
• पुलरसारखं वर्षातून एकदा लागणारं हत्यार विकत घेण्याआधी ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे विचारा.

पेटीत पन्नास पाने असण्यापेक्षा आपल्या गाडीला बसणारे दहा पाने असलेले बरे. आणि योग्य हत्यार हातात नसेल, तर त्या दिवशी बोल्टला हात न लावणं हेच शहाणपण.