दानवीर जगडूशाह
कच्छमधील भद्रेश्वरचे श्रीमाळी श्रेष्ठी जगडूशाह तेराव्या शतकात सागरी व्यापाराने समृद्ध झाले. विक्रम संवत १३१३ ते १३१५ (इ.स. १२५६-५८) या काळात गुजरातेत भीषण दुष्काळ पडला. सर्वानंदसूरींच्या जगडूचरितानुसार, परमदेवसूरींनी पूर्वसूचना देताच जगडूशाहांनी सुकाळातच ठिकठिकाणी धान्याची कोठारे भरली आणि हे धान्य दीनजनांसाठीच आहे, असे ताम्रपट त्यांत ठेवले. दुष्काळात धान्य सोन्याच्या मोलाचे झाले. त्यांनी मात्र नफा न पाहता राजा वीसलदेवांसह अनेक राजांना ते दिले व ११२ दानशाळा उघडल्या. हात पसरण्यास लाजणाऱ्या कुलीनांना लाडवांत सुवर्णमुद्रा दडवून पाठविल्या. वेळेआधीची तयारी आणि घेणाऱ्याचा मान, या दोन्हींमुळेच त्यांचे दान खऱ्या गरजूपर्यंत पोहोचले.