फुटबॉलचे नियम लिहिणारा घड्याळवाला

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेत रविवारचं वेळापत्रक फुटबॉल ठरवतो. सोमवारी सकाळी ऑफिसात पहिली दहा मिनिटं कामाचं कोणी बोलत नाही. आपल्यासारख्या क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला सुरुवातीला हा खेळ म्हणजे नुसती धक्काबुक्की वाटते. चेंडू हातात आणि नाव मात्र फुटबॉल! पाच-सात सेकंद पळापळ, की पुन्हा सगळे थांबलेले. पण चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला द्यायचा, एवढं एकदा कळलं की खेळ उलगडत जातो. क्रिकेटमध्ये जे षटकाचं स्थान, तेच इथे या संधींचं, म्हणजे ‘डाउन’चं. ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, तो वॉल्टर कॅम्प.

कॅम्पचा जन्म ७ एप्रिल १८५९ रोजी कनेक्टिकट राज्यातल्या न्यू ब्रिटन इथे झाला. वडील शिक्षक. १८७६ मध्ये तो न्यू हेवनच्या येल कॉलेजात दाखल झाला आणि त्याच मोसमात हार्वर्डविरुद्ध मैदानात उतरला. तेव्हाचा खेळ म्हणजे इंग्लंडहून आलेलं रग्बी, एकेका बाजूला पंधरा गडी. सगळा कारभार विद्यार्थ्यांच्याच हातात. पगारी प्रशिक्षक नाही, की वरून हुकूम सोडणारी संघटना नाही. कॉलेजांचे प्रतिनिधी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला मॅसासोइट हाऊस नावाच्या हॉटेलात जमायचे आणि नियम ठरवायचे.

या बैठकांत कॅम्पचा जीव रमला. पंधराऐवजी अकरा गडी करा, असा आग्रह त्याने १८७८ पासून धरला होता. १८८० मध्ये तो मान्य झाला. त्याच बैठकीत दुसरा, त्याहून मोठा बदल झाला. रग्बीत दोन्ही बाजूंचे गडी खांद्याला खांदा भिडवून मधल्या चेंडूसाठी रेटारेटी करतात आणि चेंडू कुणाकडे जाईल याचा नेम नसतो. कॅम्पने सुचवलं, की चेंडू आधीच एका संघाच्या ताब्यात द्या. मधल्या गड्याने पायाने तो मागे सारायचा आणि मागे उभ्या क्वार्टरबॅकने उचलायचा. आता पुढे काय करायचं हे आधीच ठरवता येऊ लागलं. अमेरिकन फुटबॉल रग्बीपासून वेगळा झाला तो इथे.

पण नियमात एक मोठं भगदाड राहिलं होतं. चेंडू किती वेळ आपल्याकडे ठेवायचा, यावर बंधनच नव्हतं. १८८१ च्या मोसमात थँक्सगिव्हिंगच्या दिवशी येल आणि प्रिन्स्टन न्यूयॉर्कमध्ये भिडले. पहिल्या अर्ध्यात प्रिन्स्टनने चेंडू सोडला नाही, दुसऱ्या अर्ध्यात येलने. निकाल शून्य-शून्य. पैसे मोजून आलेले प्रेक्षक वैतागले. नियम तर कुणीच मोडला नव्हता! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा प्रकार रोजचा आहे. तुम्ही दिलेली मोकळीक कोणीतरी शेवटच्या टोकापर्यंत ताणतोच.

यावर १८८२ मध्ये कॅम्पचा उपाय आला: तीन संधींत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू सोडा. आता अंतर मोजायचं तर मैदानावर दर पाच यार्डांवर चुन्याच्या रेघा ओढणं आलं. वरून बघितलं तर मैदान मांस भाजायच्या लोखंडी जाळीसारखं दिसायचं. म्हणून त्याचं नाव पडलं ग्रिडायर्न.

कॅम्पने डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलं आणि तो न्यू हेवन क्लॉक कंपनीत, म्हणजे घड्याळाच्या कारखान्यात लागला. पुढे तिथला अध्यक्षही झाला. १८८८ मध्ये त्याचं लग्न झालं आणि त्याच वर्षी तो येलचा प्रशिक्षकही झाला, तोही बिनपगारी. दुपारी त्याला कारखाना सोडता यायचा नाही, म्हणून पत्नी ॲलिस मैदानावर जाऊन सराव बघायची आणि कोण कसा खेळला ते घरी येऊन सांगायची. रात्री खेळाडू घरी जमायचे. त्या मोसमात येलने तेराच्या तेरा सामने जिंकले. ६९८ गुण केले आणि समोरच्यांना एकही गुण करू दिला नाही.

हे सगळं हौशी खेळाच्या नावाखाली चाललं होतं आणि कॅम्प त्या तत्त्वाचा मोठा पुरस्कर्ता होता. पण त्याच्याच येलमध्ये तिकिटांच्या पैशातून एक लाख डॉलरच्या आसपास निधी साठला होता आणि तो कॅम्पच्या ताब्यात होता. १९०५ मध्ये एका मासिकाने ते उघड केलं. आणि त्याचाच नावाजलेला खेळाडू पज हेफेलफिंगर १८९२ मध्ये पिट्सबर्गला एका सामन्यासाठी ५०० डॉलर घेऊन खेळला होता. धंदेवाईक फुटबॉलची सुरुवात आज तिथूनच धरतात.

त्याहून गंभीर गोष्ट मैदानावर घडत होती. १८८८ मध्ये कमरेखाली पकडायला परवानगी मिळाली, त्याचाही पुरस्कर्ता कॅम्पच. मोकळ्यावर पळणारा गडी आता सहज आडवा होऊ लागला. मग संघ घोळक्याने, एकमेकांना धरून पाचराच्या आकारात घुसू लागले. मुलं जायबंदी होऊ लागली, काही जिवाला मुकली. कॅम्पने माजी खेळाडूंकडून आणि शिक्षकांकडून पत्रं मागवली आणि १८९४ मध्ये खेळाच्या बचावाचं पुस्तक काढलं. विरोधातली बरीच मतं त्याने बाजूला ठेवली होती, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. माणूस आपल्या निर्मितीवर प्रेम करतो हे समजतं, पण इथे किंमत दुसऱ्यांची मुलं मोजत होती.

१९०५ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. कॅम्पही त्यात होता. तरीही शिकागोच्या एका दैनिकाच्या मोजणीनुसार त्या मोसमात अठरा जण दगावले. काही कॉलेजांनी फुटबॉल बंदच केला. कॅम्पचं म्हणणं होतं, तीन संधींत पाचऐवजी दहा यार्ड करा, घोळका आपोआप फुटेल. इतरांना चेंडू हाताने पुढे फेकायची मुभाही हवी होती. कॅम्पला ते फारसं रुचलं नाही. शेवटी १९०६ मध्ये दोन्ही गोष्टी नियमात आल्या. खेळ लगेच सुरक्षित झाला नाही, पण मोकळा व्हायला लागला. संधी तीनाच्या चार झाल्या त्या १९१२ मध्ये.

नियम समितीवर कॅम्पचा शब्द आता अखेरचा राहिला नव्हता. तरी त्याने बैठका सोडल्या नाहीत. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने नौदलाच्या जवानांसाठी व्यायाम आखून दिले. त्यांतूनच पुढे आलेली बारा प्रकारांची मालिका घरोघरी पोचली. मार्च १९२५ मध्ये नियम समितीची बैठक न्यूयॉर्कला होती. १४ तारखेला सकाळी कॅम्प बैठकीला आला नाही. हॉटेलच्या खोलीत रात्रीच झोपेत त्याचं हृदय थांबलं होतं. वय पासष्ट. देशभरातल्या कॉलेजांनी आणि शाळांनी वर्गणी काढून १९२८ मध्ये येलच्या मैदानापाशी त्याच्या नावाचं प्रवेशद्वार उभारलं.

आज या खेळात सगळ्यात जास्त पैसा आणि कौतुक मिळतं ते क्वार्टरबॅकला. ती जागा कॅम्पच्या १८८० च्या नियमातून जन्मली. पण तो क्वार्टरबॅक लाडका आहे तो लांबवर चेंडू फेकतो म्हणून, आणि ती फेक कॅम्पला नको होती. रविवारी सामना लागला, की या दोन्ही गोष्टी एकाच गड्यात बघायला मिळतात.