दहा रुपयांची बंदूक आणि महादजी

दौंडहून भीमा ओलांडली की श्रीगोंदा, शिंद्यांची जहागीर. शिरूरहून घोडनदीपलीकडे पारनेर तालुका. तिथं जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा. तुमच्या वेशीला लागूनच राहणारा हा माणूस. पानिपतातून वाचले आणि दिल्लीच्या बादशहाला गादीवर बसवलं, एवढं तुम्ही शाळेत वाचलं असेल. पण मित्रांनो, महादजींनी तोफा-बंदुकांचा कारखानाही उभारला होता, हे ठाऊक आहे का?

१७६१ च्या पानिपतात त्यांच्या पायावर असा घाव बसला की ते जन्मभर लंगडत चालले. राणेखान नावाच्या भिश्त्यानं त्यांना वाचवलं, आणि महादजींनी त्याला भाऊ मानलं. पुढं १७७९ मध्ये वडगावला इंग्रज हरले खरे, पण पुढच्याच वर्षी त्यांनी ग्वाल्हेरचा किल्ला रातोरात घेतला. नुसत्या घोडदळावर आता भागणार नाही, हे महादजींनी ओळखलं.

१७८४ मध्ये त्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीला नोकरीत घेतलं. त्यानं कवायती पलटणी उभ्या केल्या. आज आपण मित्रांच्या टोळीला ‘कंपू’ म्हणतो ना, तेच नाव या पलटणींचं! पण पलटणीला हत्यारं कुठून आणायची? इंग्रजांकडून विकत घ्यायची, तर ऐन लढाईत ते हात आखडणार. म्हणून आग्र्याला कारखाना निघाला. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तिथं तोफा ओतून घेई, बंदुका घडवून घेई. बंदूक युरोपातल्या मालाच्या तोडीची, आणि खर्च साधारण दहा रुपये! १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथं या फौजेनं मोठे विजय मिळवले.

१२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीत महादजी गेले. नऊ वर्षांनी, १८०३ मध्ये, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची दीड हजारांहून जास्त माणसं मारली किंवा जखमी केली. गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. तरीही हार झाली. पलटणींचे बरेच युरोपीय अधिकारी ऐन वेळी शिंद्यांना सोडून गेले होते. त्याच साली आग्राही पडलं. असईत इंग्रजांकडून लढलेला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये शिरूरच्या छावणीत वारला. त्याचं थडगं आजही शिरूरला आहे.

तोफ चांगली होती, बंदूक स्वस्त होती, लढणारेही जिवाला जीव देणारे होते. फक्त फौज चालवण्याची विद्या परक्यांच्या हाती राहिली. महादजींना आणखी दहा वर्षं मिळाली असती, तर कदाचित ती इथं रुजलीही असती.

रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत उद्या कामाला लागाल, तेव्हा हे आठवा. मशीन चालवायला शिकाच. पण ते बनतं कसं, बिघडलं तर उघडायचं कसं, हेही विचारून घ्या. कारागीर जाईल, पण विद्या तुमच्याकडे राहील.