घरापुरते नाव

दोन घरांतले दोन बंडू एका अंगणात आले की हाकेचा घोटाळा ठरलेला. संगणकाच्या भाषेतला असाच घोटाळा ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी निम्मा सोडवला.

जन्म १९१६चा, लंडनच्या नामांकित कुटुंबातला; वडील काही काळ हिंदुस्थानात रेल्वेत होते. हॅरोच्या शाळेत शिकवता शिकवता हे मास्तर संगणकाच्या नादी लागले. १९५२ साली मँचेस्टरच्या यंत्राकडून त्यांनी चक्क प्रेमपत्रे लिहवून घेतली!

पुढे केंब्रिजला 'सीपीएल' भाषेचा कंपायलर लिहिताना तेच तेच तुकडे पुन्हा लिहावे लागत. त्यासाठी त्यांनी 'जीपीएम' केला. त्याची माहिती १९६५ साली प्रसिद्ध झाली. छोटे नाव दिले की त्याजागी पूर्ण मजकूर उतरवून देणारा हा कारकूनच म्हणा ना! खरी खुबी पुढेच. एखाद्या कामाच्या पोटात ठेवलेले नाव त्या कामापुरतेच जगे. काम संपताच ते पुसले जाई आणि त्याच नावाचा जुना अर्थ परत जागेवर येई.

मात्र कारकुनाने उतरवलेल्या मजकुरातला बंडू मूळ प्रोग्रॅममधल्या बंडूवर आदळला तर? जीपीएमला सगळी नुसती अक्षरेच. त्यावरचा पद्धतशीर उपाय अमेरिकेत कोलबेकर आणि सहकाऱ्यांनी मांडला, तो १९८६ साली. स्ट्रेची १९७५ मध्येच, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गेले होते.