निजामाचं राज्य आणि तीन भाषांचे स्वामीजी

नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव दिलंय ते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे मराठवाड्याचे नव्हते. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीत, कानडी मुलखात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवायला आले, १९३० मध्ये संन्यास घेतला, पुढं अंबाजोगाईच्या शाळेत गेले.

निजामाच्या राज्यात लोक तेलुगू, मराठी, कानडी बोलायचे. कारभार मात्र उर्दूत. प्रत्येक भाषेच्या लोकांची वेगळी परिषद होती. मराठी मंडळींची महाराष्ट्र परिषद १९३८ मध्ये लातूरला भरली. या सगळ्यांना एकत्र बांधणारी संघटना म्हणजे हैदराबाद स्टेट काँग्रेस. ती नीट उभी राहायच्या आधीच सरकारनं तिला जातीय ठरवून बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला अन् स्वामीजी तुरुंगात गेले. त्याच वेळी आर्य समाज आणि हिंदू महासभेचंही आंदोलन चालू होतं. लोक दोन्ही लढे एकच समजू लागले, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्यानं स्टेट काँग्रेसनं डिसेंबरात आपला सत्याग्रह थांबवला. भरात आलेला लढा थांबवणं सोपं नसतं. पण भांडण निजामाच्या राजवटीशी आहे, मुसलमान शेजाऱ्याशी नाही, हे दाखवायला तेवढी किंमत मोजावीच लागली.

ऑगस्ट १९४८ मध्ये भारतात विलीन व्हा म्हणणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला. १७ सप्टेंबरला संस्थान मुक्त झालं, स्वामीजीही सुटले. मात्र त्यानंतर नांदेड, उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमानांच्या कत्तली झाल्या. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं. सुंदरलाल समितीनं मृतांचा आकडा किमान २७ हजार धरला. मुक्तिसंग्रामाच्या भाषणांत हे सहसा येत नाही.

हैदराबाद राज्य आहे तसंच ठेवावं, असं दिल्लीत बऱ्याच जणांना वाटे. स्वामीजींचा आग्रह उलटा: भाषेप्रमाणे वाटणी करा. १ नोव्हेंबर १९५६ ला ती झाली. अहमदपूर, उदगीर, निलंगा बीदरमधून इकडं आले, नांदेडचं मुधोळ आदिलाबादला गेलं.

स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून, १९५७ मध्ये औरंगाबादेतून खासदार झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला तरी ते राहिले हैदराबादेतच. तिथंच २२ जानेवारी १९७२ ला वारले. समाधी बेगमपेठेत आहे.